थोड्या बळानें मोठें ओझें

पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या रस्त्यावर भोसरी लागते. एके काळीं हें शेतकऱ्यांचें, बैलगाड्यांच्या शर्यतींचें आणि पैलवानांचें गांव होतें. तालमींचा लौकिक तर अजूनहि आहे. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली, आणि पुढें पिंपरी, चिंचवड, भोसरी ह्या शिवारांतून पिकांच्या जागीं कारखान्यांचे पत्रे चमकूं लागले. मोठ्या कारखान्यांचीं नांवें सर्वांस ठाऊक असतात. परंतु भोसरीचें खरें वैशिष्ट्य तिच्या लहान लहान गाळ्यांत आहे. कोठें दोन लेथ आणि एक ड्रिल, कोठें एक प्रेस, भिंतीशीं उभ्या केलेल्या लोखंडी सळ्या, दाराशीं चकाकणाऱ्या किसाचा ढीग. आणि आंत मोठ्या कारखान्यांना लागणारे बारीकसारीक भाग रात्रंदिवस घडत असलेले.

अशा गाळ्यांत नवा लेथ येण्याचा दिवस हा घरांत नवी सून येण्याइतकाच गडबडीचा असतो. यंत्र ट्रकवरून येतें. हायड्रा नांवाची फिरती क्रेन मिळाली तर काम घटकेंत होतें. पण पुष्कळ वेळां गल्ली अरुंद असते, डोक्यावरून विजेच्या तारा गेलेल्या असतात, आणि क्रेनचा लांब हात शटराखालून आंत जात नाहीं. मग मुकादम आणि त्याचीं चार माणसें तें काम अंगावर घेतात. लेथ समजा १२०० किलोंचा आहे. धडधाकट माणूस बेताबेतानें ५० किलोंचा जोर लावतो. पांचांचा मिळून २५० किलो झाला. १२०० आणि २५० ह्यांच्यामध्यें जी साडेनऊशें किलोंची खिंड आहे, ती हीं माणसें एक पहार, दोन फळ्या, पाइपाचे चार तुकडे, एक दोर आणि एक चेन कुप्पी एवढ्या सामग्रीनें ओलांडतात. दुपारचा चहा येईपर्यंत लेथ आपल्या जागीं उभा असतो.

ह्यांत जादू नाहीं, हिशेब आहे. आणि तो चुकला तर बोटें जातात, पाय जातात, कधीं माणूसहि जातो. मुकादमाच्या हातांना तो हिशेब संवयीनें येतो. कागदावर मांडूं म्हटलें तर सातवीच्या मुलालाहि तो मांडतां येईल, इतका सोपा आहे.

आरंभ घरांतील अडकित्त्यापासून करावा. आजकाल तो वापरांत नसला, तरी पुष्कळ घरांतून आजीच्या पानाच्या डब्यांत पडलेला सांपडतो. त्याच्या दोन पात्यांचा जो सांधा, तो टेकू. सुपारी सांध्यापासून अडीच सेंटिमीटर अंतरावर ठेवली, आणि हाताची पकड सांध्यापासून पंधरा सेंटिमीटरांवर पडली, तर १५ ला २.५ नें भागून ६ येतात. हातानें ५ किलोंचा दाब दिला कीं सुपारीवर ३० किलोंचा दाब पडतो. ह्या सहा पटीला यांत्रिक फायदा म्हणतात. जितका भार जिंकला, त्याला लावलेल्या बलानें भागावें. भागाकार हाच फायदा. तीच सुपारी सांध्यापासून पांच सेंटिमीटरांवर सरकली, तर फायदा निम्मा होऊन ३ वर येतो, आणि हात दुखूं लागतो. म्हणून आजी सुपारी नेहमीं सांध्याच्या कुशींत धरीत असे. तिला सूत्र ठाऊक नव्हतें असें म्हणण्यापेक्षां, सूत्र तिच्या बोटांत होतें असें म्हणणें अधिक बरें.

(शास्त्राच्या पुस्तकांत बल न्यूटनमध्यें मोजतात, आणि किलो हें वस्तुमानाचें माप मानतात. तें योग्यच आहे. परंतु गाळ्यांत कोणी न्यूटनमध्यें ओढत नाहीं. येथेंहि एक किलो वजन पेलण्यास जेवढें बल लागतें त्याला एक किलोचें बल म्हटलें आहे. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेंत मात्र विद्यार्थ्यांनीं असें लिहूं नये.)

चुलीजवळचा किंवा आतांच्या गॅसजवळचा चिमटा घेतला तर उलट प्रकार दिसतो. त्याचा टेकू एका टोंकाला, पोळी दुसऱ्या टोंकाला, आणि बोटांची पकड मध्यें. बोटें टेकूपासून ८ सेंटिमीटरांवर आणि पोळी २४ सेंटिमीटरांवर असली, तर फायदा एक-तृतीयांश; म्हणजे खरें पाहतां तोटाच. तीन किलोंनीं दाबावें तेव्हां टोंकाशीं एक किलोचा दाब मिळतो. पण पोळी उचलायला जोर लागतच नाहीं. हात विस्तवापासून दूर राहणें एवढेंच हवें असतें, आणि तेवढें साधतें.

अडकित्ता आणि चिमटा ह्या दोहोंच्या मागें एकच कायदा आहे. अडकित्त्याची मूठ सहा मिलिमीटर खालीं येते तेव्हां सुपारीवरचें पातें एकच मिलिमीटर उतरतें. बलांत जितक्या पटीनें मिळविलें, तितक्याच पटीनें अंतरांत द्यावें लागलें. बल आणि अंतर ह्यांच्या गुणाकाराला शास्त्रांत काम म्हणतात. यंत्र हें काम वाढवून देत नाहीं. तें फक्त त्याचा आकार बदलून देतें. शंभराची एक नोट मोडून दहाच्या दहा नोटा घ्याव्या, त्यांतलाच हा व्यवहार. मात्र ह्या व्यवहारांत एक दलाल बसलेला आहे, त्याचें नांव घर्षण. तो आपली दलाली कापून घेतल्याशिवाय कोणालाहि सोडीत नाहीं. ह्या दलालाची पुढें बरीच गरज लागणार आहे.

आतां पुन्हा ट्रककडे. लेथच्या पायांखालीं पाइपाचे तुकडे सरकवायचे, तर प्रथम त्याची एक बाजू दोन सेंटिमीटर तरी उचलली पाहिजे. मुकादम दीड मीटर लांबीची पहार घेतो, तिचें चपटें टोंक लेथच्या पायाखालीं घालतो, आणि टोंकापासून दहा सेंटिमीटरांवर लाकडाचा ठोकळा टेकू म्हणून सारतो. उरलेली १४० सेंटिमीटर लांबी त्याच्या हाताकडे राहिली. १४० भागिले १०, फायदा १४. एकच बाजू उचलायची असल्यामुळें भार सुमारें निम्मा, म्हणजे ६०० किलो. ६०० ला १४ नें भागलें तर ४३ किलो येतात. मुकादम आपल्या अंगाचें वजन पहारीवर टाकतो आणि लेथची बाजू वर येते. पहारीचें टोंक दोन सेंटिमीटर वर जाण्यासाठीं त्याचे हात अठ्ठावीस सेंटिमीटर खालीं जातात. हाच ठोकळा टोंकापासून वीस सेंटिमीटरांवर ठेवला असता, तर फायदा साडेसहा उरला असता, बल ९२ किलो लागलें असतें, आणि माणूस पहारीला नुसता लोंबकळत राहिला असता. दहा सेंटिमीटरांच्या फरकांत सगळा खेळ आहे. ठोकळा पक्का हवा तो ह्याच कारणानें: त्याच्यावर ६०० आणि ४३ असा दोन्ही बाजूंचा मिळून साडेसहाशें किलोंच्या आसपास दाब येतो. पोचट लाकूड तेथें चिरतें, पहार सुटते, आणि ज्याची बोटें त्या वेळीं लेथखालीं असतील त्याची धडगत नसते. बोटानें पाइप न सारतां काठीनें सारावा, हा मुकादमाचा दंडक त्यामुळेंच.

ह्या प्रकारच्या यंत्रास तरफ म्हणतात, आणि तिचा नियम सिद्ध करून लिहून ठेवणारा ग्रीक गणिती आर्किमिडीज. उभें राहायला जागा मिळाली तर पृथ्वीसुद्धां हलवून दाखवीन, अशी त्याची बढाई प्रसिद्ध आहे. बढाई गणितानें खरी आहे. पण तिची किंमत कोणी क्वचितच मोजून पाहतो. पृथ्वीचें वस्तुमान सहावर चोवीस शून्यें इतके किलो. आर्किमिडीजनें साठ किलोंचा जोर लावला असें धरलें, तर पृथ्वी एक सेंटिमीटर सरकण्यासाठीं त्याच्या हाताला एकावर अठरा शून्यें इतके किलोमीटर चालावें लागेल. तेवढें अंतर तोडण्यास प्रकाशालाहि एक लाख वर्षें लागतात.

लेथ पाइपांवर चढला. ट्रकचा हौदा जमिनीपासून १२० सेंटिमीटर उंच, आणि त्याला लावलेल्या फळ्या ४८० सेंटिमीटर लांब. ही उतरण. हिचा फायदा लांबी भागिले उंची, म्हणजे ४. सरळ उचलायला १२०० किलो लागले असते, तेथें उतरणीवरून ३०० किलो पुरतात. बदल्यांत १२० सेंटिमीटरांऐवजीं ४८० सेंटिमीटर चालावें लागतें. मुंबई-पुणें लोहमार्ग हेंच तत्त्व वापरून सह्याद्रि चढतो. १८६३ सालीं खुला झालेला भोर घाटाचा चढ सुमारें पावणेसोळा मैलांत १८३१ फूट उंची गांठतो. म्हणजे सरासरी पंचेचाळीस फुटांस एक फूट, आणि सर्वांत कठीण ठिकाणीं सदतीस फुटांस एक. एवढ्या सौम्य चढालाहि बहुतेक गाड्यांना कर्जतपासून मागून रेटणारीं जादा इंजिनें जोडावीं लागतात, हें खिडकीशीं बसून जाणाऱ्यांनीं पाहिलेंच असेल.

उतरणीचा आणखी एक उपयोग भोसरीच्याच जुन्या शेतांतून होत असे, आणि तो पुस्तकांत सहसा सांगत नाहींत. विहिरीवर मोट चाले. मोटेचा नाडा वरच्या चाकावरून बैलांच्या जुवाकडे येई. हें चाक म्हणजे जागच्या जागीं फिरणारी कप्पी, आणि तिचा फायदा फक्त १. पाण्यानें भरलेल्या मोटेचें जितकें वजन, तितकाच ओढा बैलांनीं द्यावयाचा. मग चाक कशासाठीं? तर ओढण्याची दिशा बदलण्यासाठीं. पाणी वर यावयाचें, आणि बैल मात्र धावेवरून खालीं जावयाचे. धाव मुद्दाम उतरती बांधलेली असे. बैलजोडीचें वजन ७०० किलो धरलें, आणि धावेच्या लांबींत पांचास एक उतार असला, तर १४० किलोंचा ओढा नुसत्या त्यांच्या वजनानेंच नाड्यावर येतो. स्नायूंची मेहनत त्याच्यावर. मोट थारोळ्यांत रिकामी झाली कीं बैल मोकळ्या नाड्यानिशीं धाव चढून मागें येत. फायदा एक असलेलें यंत्र निरुपयोगी, असें समजणाऱ्यानें धाव बांधणाऱ्याच्या अकलेचा विचार करावा.

लेथच्या उतरणीवर मात्र वजन हा मित्र नव्हे. फळ्यांवर लेथ नुसता ठेवला, तर लोखंड आणि लाकूड ह्यांमधलें घर्षण त्याला धरून ठेवतें: वजनाच्या एक-तृतीयांशाच्या जरा वर, सुमारें ४०० किलो, इतकें तें असूं शकतें, आणि खालीं खेचणारें बल तर ३०० किलोच आहे. लेथ आपण होऊन घसरत नाहीं. त्याला ढकलावा लागतो. मग कोणी नवखा म्हणतो, पाइप घालूं या, काम हलकें होईल. पाइप घालतांच घर्षण जवळजवळ नाहींसें होतें आणि काम खरोखरच हलकें होतें, इतकें हलकें कीं लेथ ३०० किलोंच्या ओढीनें आपण होऊनच खालीं धांवूं पाहतो. पांच माणसांची ताकद २५०! दलालाला हांकलून दिलें, आणि तिजोरीचा पहारेकरीहि तोच होता हें मागाहून कळलें, असा हा प्रकार.

येथें दोर कामास येतो. लेथला बांधलेला दोर ट्रकवरील मजबूत लोखंडी दांड्याला दोन वेढे देऊन मुकादम त्याचें मोकळें टोंक हातीं धरतो. दोर आणि दांडा ह्यांमधील घर्षणाचा गुणांक ०.३ धरला, तर एका वेढ्यानें पकड साडेसहा पटीनें वाढते. दोन वेढ्यांनीं साडेसहाची साडेसहा पट, म्हणजे सुमारें ४३ पट. घर्षण येथें बेरजेनें वाढत नाहीं, गुणाकारानें वाढतें, हें ह्या युक्तीचें मर्म आहे. ३०० ला ४३ नें भागलें तर सात किलो येतात. जो लेथ पांच जणांना आवरला नसता, तो एक माणूस एका हातानें आवरतो, आणि बोटभर बोटभर दोर सोडीत खालीं घेतो. परंतु तोच दोर तेलकट असला, आणि गुणांक ०.१५ वर आला, तर दोन वेढ्यांची पकड साडेसहा पटच उरते, आणि हातावर सातांऐवजीं ४५ किलो येतात. गुणांक निम्मा झाला, भार सहा पटींहून अधिक वाढला. दोर कोणत्या कोपऱ्यांत ठेवला होता, ह्याची चौकशी मुकादम सकाळींच कां करतो, तें ह्यावरून ध्यानांत यावें.

लेथ गाळ्यांत आला. आतां तो जमिनींत बसविलेल्या बोल्टांवर अलगद उतरवायचा, म्हणजे प्रथम सरळ वर उचलला पाहिजे. छताच्या तुळईला किंवा तिकाटण्याला चेन कुप्पी टांगतात. ह्या उपकरणाचा जुना आणि समजण्यास सोपा प्रकार म्हणजे वेस्टनची भेदी कप्पी. तिच्यांत वरतीं एकाच आंसावर दोन खांचेदार चाकें एकत्र जखडलेलीं असतात. एकाला समजा दहा खांचा, दुसऱ्याला नऊ. एकच अखंड साखळी मोठ्या चाकावरून खालच्या सुट्या कप्पींत उतरते आणि लहान चाकावरून परत वर येते. चाकें एकदां फिरलीं कीं मोठें चाक दहा कड्या वर ओढून घेतें, आणि लहान चाक नऊ कड्या खालीं सोडतें. खालचा फेरा एका कडीनें आंखूड झाला. तो दोन पदरांत वांटला गेल्यामुळें भार अर्धी कडी वर आला. हातानें मात्र दहा कड्या ओढल्या. दहाला अर्ध्यानें भागलें, वीस. एका कडीच्या फरकांतून वीस पट काढणाऱ्या ह्या युक्तीचें कौतुक करावें तेवढें थोडें आहे. दोन्हीं चाकें सारखीं केलीं तर भार जागचा हलणारच नाहीं, आणि फरक जितका सूक्ष्म तितका फायदा मोठा.

परंतु वीस हें कागदावरचें गुणोत्तर झालें. तें साखळीच्या अंतरांचें आहे. प्रत्यक्ष फायदा मोजायचा तर काटा लावून बल मोजावें लागतें. अशा कप्पीवर ५०० किलोंचा भार टांगला, तर कागदाप्रमाणें २५ किलोंचा ओढा पुरावा. काट्यावर समजा साडेबासष्ट किलो दिसले. ५०० भागिले ६२.५, खरा फायदा ८. आठाला विसानें भागलें म्हणजे शेंकडा ४० येतात. ही तिची कार्यक्षमता. शंभरांतील साठ दलालानें खाल्ले! एखादा व्यापारी अशा दलालाला दारांत उभा करणार नाहीं. तरीहि ही कप्पी पिढ्यान्‌पिढ्या कारखान्यांतून टिकली, आणि तिच्या ह्या उधळेपणामुळेंच टिकली.

कसें तें पाहावें. भार एक मीटर उचलण्यासाठीं साडेबासष्ट किलोंनीं वीस मीटर साखळी ओढली: काम १२५०. भाराच्या पदरांत पडलें ५००. घर्षणांत गेलें ७५०. आतां माणसानें साखळी सोडून दिली. भार खालीं येऊं म्हणतो. एक मीटर खालीं येण्यांत तो फार तर ५०० देऊं शकतो, आणि घर्षण तर त्याच वाटेवर ७५० च्या आसपास मागतें. एवढें त्याच्यापाशीं नाहीं. म्हणून तो जागच्या जागीं लटकत राहतो. साखळी सोडून माणूस चहा पिऊन आला, तरी लेथ होता तेथेंच. कार्यक्षमता पन्नासांच्या खालीं असलेलें यंत्र, ढोबळ मानानें, आपला भार आपणच धरून ठेवतें. मोटारीचें चाक बदलतांना वापरतात तो स्क्रूचा जॅकहि ह्याच जातीचा. त्याचा दांडा चाळीस सेंटिमीटरांचा आणि आट्यांतील अंतर सहा मिलिमीटर असलें, तर कागदी गुणोत्तर चारशेंच्या वर जातें, हातीं येतो त्याचा चवथा हिस्सा. पण गाडीखालीं तो गपकन बसत नाहीं, तो उरलेल्या तीन हिश्श्यांच्या जोरावर.

हल्लींच्या चेन कुप्पीची गोष्ट थोडी निराळी आहे, आणि भोसरींत हीच अधिक आढळते. तिच्या पोटांत दंतचक्रें असतात. समजा ती १००० किलोंची आहे, भार मीटरभर वर नेण्यास तिची हातसाखळी ५० मीटर ओढावी लागते, आणि पूर्ण भाराला ३० किलोंचा ओढा पुरतो. खरा फायदा ३३, कार्यक्षमता शेंकडा ६७. दलालाची दलाली अर्ध्याहून खालीं आली. उचलणाऱ्याचे श्रम वांचले. परंतु हिशेब पुन्हा मांडावा: एकंदर काम १५००, भाराला १०००, घर्षणाला ५००. साखळी सोडली तर भार १००० देऊं शकतो आणि घर्षण ५०० वरच तृप्त होतें. म्हणजे भार खालीं धांवणार. सुधारलेल्या यंत्रानें जुन्याचा दोष घालविला, आणि त्या दोषाबरोबर त्याचा आश्रयहि गेला.

म्हणून आंत वेगळा ब्रेक बसवावा लागतो. हातसाखळीचें चाक आट्यांच्या आंसावर बसविलेलें असतें. उचलतांना तें आट्यांवरून आंत सरकून घर्षणाच्या तबकड्या एका दांतेरी चाकावर आवळतें. त्या चाकावर एक लहानशी जीभ टेकलेली असते. ती त्याला पुढें जाऊं देते, मागें फिरूं देत नाहीं. चेन कुप्पी ओढतांना जी टकटक ऐकूं येते ती ह्या जिभेची. हात थांबला कीं भार आंसाला उलटें फिरवूं पाहतो, आणि त्या खटपटींत आटे अधिकच आवळले जातात. जितका भार जड, तितकी पकड घट्ट. खालीं उतरवतांना साखळी उलट ओढून पकड केसभर ढिली करावी, भार केसभर उतरतो आणि पुन्हा आवळला जातो. चोराच्याच हातीं किल्ली देऊन त्याच्याकडूनच कुलूप लावून घ्यावें, अशी ही करामत आहे.

ह्या तबकड्या बहुतेक कुप्प्यांत कोरड्या असाव्या लागतात. आतां गाळ्यांत नवा शिकाऊ मुलगा असतो, आय.टी.आय. मधून नुकताच आलेला, कामसू, आणि तेलाची बुधली हातीं धरली कीं कोठें थांबावें हें न समजणारा. साखळीला तेल, हुकाच्या फिरत्या सांध्याला तेल, हें सर्व ठीक. मग तो टोपण उघडून आंत दोन थेंब सोडूं लागतो, आणि मुकादम ओरडतो, “अरे बाळा, तिथं नको! तिथं कोरडंच पाहिजे.” मुलगा विचारतो, “पण काका, जाम होईल ना?” काकांना भागाकार करून दाखवितां येत नाहीं. “जाम होण्यासाठींच तर आहे तें,” एवढेंच ते म्हणतात. वरचा ५००, १००० आणि १५०० चा हिशेब म्हणजे त्यांच्या ह्या एका वाक्याचें स्पष्टीकरण होय.

दुसराहि एक दंडक आहे. एका माणसाच्यानें साखळी ओढवत नसेल, तर दुसऱ्यानें हात लावायचा नाहीं. मदत करणें हा सद्गुण असला तरी येथें तो घातक आहे. पूर्ण १००० किलोंना ३० किलोंचा ओढा पुरतो; मग एकट्याला तीस-पस्तीस किलोंत साखळी हालेना, ह्याचा अर्थ खालीं १००० हून अधिक लोंबतें आहे, किंवा कोठें तरी कांहीं अडकलें आहे. दोघांनीं मिळून ८० किलोंचा ओढा दिला, तर ३३ च्या फायद्यानें हुकावर २६०० किलोंहून अधिक ताण येऊं शकतो. फायदा भाराला जसा गुणतो, तसा चुकीलाहि गुणतो. आणि तुळईचें काय? तिला यांत्रिक फायदा वगैरे कांहीं मिळत नाहीं. तिच्यावर भार, कुप्पी आणि साखळीचा ओढा, सगळ्यांची बेरीज येते. १२०० किलोंच्या लेथसाठीं १००० किलोंची कुप्पी “थोडक्यासाठीं कशाला” म्हणून चालवून घेणारा मालकहि कधीं कधीं भेटतो. चांगला मुकादम अशा वेळीं बिडी पेटवून बाहेर बसतो, आणि दोन टनांची कुप्पी येईपर्यंत उठत नाहीं.

ती आली, टांगली, लेथला पट्टे बांधले. पहिल्या प्रथम लेथ जमिनीपासून चार बोटें वर घ्यावयाचा आणि थांबायचें. सर्वांनीं दूर व्हायचें. मिनिटभर कोणी बोलत नाहीं. लेथ कलतो का, पट्टा सरकतो का, आणि मुख्य म्हणजे ब्रेक धरतो का, हें चार बोटें उंचीवर समजलेलें बरें. धरला, तर पुढची टकटक सुरू होते.

लेथ बोल्टांवर बसला; राहिले नट आवळायचे. जमिनींतला बोल्ट १२ मिलिमीटरांचा, आणि त्याला पांच किलोग्रॅम-मीटरांची पीळ पुरेशी आहे असें समजावें. त्याच्या नटाला बसणारा पाना सुमारें पाव मीटर लांब असतो. हातानें २० किलोंचा जोर लावला, पाव मीटरनें गुणला, कीं बरोबर पांच. पाना बनविणाऱ्यानें हा गुणाकार आधींच करून ठेवलेला असतो; लहान नटाचा पाना आंखूड आणि मोठ्याचा लांब कां, ह्याचें कारण तेंच. पण तो दिवसभर काकांचें पाहत आलेला मुलगा आतां तरफेवर खूष झालेला असतो. कोपऱ्यांतला मीटरभर पाइप तो पान्याच्या दांड्यावर चढवितो. तोच २० किलोंचा जोर, लांबी एक मीटर, पीळ वीस. जास्त घट्ट म्हणजे जास्त चांगलें, अशी त्याची समजूत. नट प्रथम जड जातो, मग अचानक हलका फिरूं लागतो, आणि मुलाच्या हातांत पाना, पाइप आणि बोल्टाचें तुटलेलें डोकें एकदमच येतात. उरलेला बोल्ट लेथच्या पायाखालीं जमिनींत रुतलेला. काका कांहीं बोलत नाहींत. कोपऱ्यांत गुंडाळून ठेवलेली साखळी उचलतात आणि चेन कुप्पी पुन्हा तुळईला टांगूं लागतात.